इतर – १

भाचीच्या लेकीचं बारसं पुण्यात झालं. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे मला जाता आलं नाही, म्हणून शिवून ठेवलेली कुंची धाकट्या दिरांबरोबर पाठवली. रात्री फोन आला. "मावशी, कुंची कसली गोड झालीय! पण एक विचारू? तिला कांद्याचा वास येतोय गं. धुतली तर खणाचा रंग जाईल का?"

लोणंदच्या माणसाच्या अंगाला कांद्याचा वास येतो, हे त्याला बाहेरगावी गेल्यावरच समजतं. आमच्या मागच्या भिंतीला वखार आहे. उन्हाळी कांदा भरला की सगळं घर मुरतं, आणि माझी कापडाची ट्रंक नेमकी त्या भिंतीला टेकलेली. मी तिला सांगितलं, गार पाण्यात चिमूटभर मीठ घाल, पिळू नकोस, सावलीत वाळव. वासाचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या वाक्याचं. "आणि आम्ही मोबाईलवर यादी करतोय, कुणी काय दिलं त्याची. म्हणजे नंतर आपल्यालाही करायला बरं. तुझ्यापुढे नुसतं 'कुंची' लिहू?"

"इतर लिही," मी म्हणाले. तिला विनोद कळला नाही. कळायचं कारणही नव्हतं.

ताईचं लग्न आमच्या दारात मांडव घालून झालं होतं. आहेराच्या वहीवर तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे काका, कांद्याच्या आडतीवर दिवाणजी. लाल कापडी बांधणीची लांबुडकी वही, तिच्यात त्यांनी पट्टीने रेघा मारलेल्या: अनुक्रम, नाव, गाव, आहेर. रोख अकरा, रोख एकवीस, पातेले एक, तांब्या एक, साडी एक. कांद्याच्या ढिगाकडे नुसतं बघून गोळा किती, गोल्टी किती आणि चिंगळी किती निघेल हे सांगणारा माणूस. त्यांच्या पेनला कुठे अडखळायची सवयच नव्हती. ते अडखळलं आत्यापाशी. आत्या, त्यांची थोरली बहीण, फलटणकडच्या एका वाडीवरून आली होती. नवऱ्यामागे एकटीने शेत करायची. काखेत गोधडीची वळकटी होती.

"आक्का, ह्याचं काय लिहू?"

"लिव्ह की, गोधडी."

"किंमत?"

"ह्यात आईचं लुगडं हाय, माझी दोन हायती, आन् तुझं एक धोतर बी हाय. धोतराची तूच घाल. बाकीचं मी सांगती."

मांडवातल्या बायका खदखदून हसल्या. तात्याही हसले. मग मान खाली घालून त्यांनी लिहिलं: इतर – १.

मी त्यांच्या शेजारी पानसुपारीचं तबक धरून बसले होते, म्हणून मला ते दिसलं. त्यानंतर मी आयुष्यात बरीच कागदपत्रं पाहिली, सह्या केल्या, पण तीन अक्षरांत एवढं काही उरकून टाकलेलं पुन्हा पाहिलं नाही.

ती गोधडी मला अजून टाक्याटाक्याने आठवते. आत्या दुपारी जमिनीवर जुनेर अंथरायची, सुरकुती हाताने निपटून काढायची आणि कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड, जे हाताशी येईल ते ठेवायची. आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेपासून सुरू केलेला धावदोरा चौकटीत चौकट करत आत जायचा. शेवटची चौकट तळहाताएवढी राहिली की ती म्हणायची, "आली आता आपल्या घरात." तिचे टाके समान नव्हते. थकलेल्या दिवशीचे लांब, पावसाच्या झडीतले बारीक, कारण झडीत दुसरं काम नसतं. हल्ली दुकानात 'हाताने शिवलेली' म्हणून जी गोधडी मिळते, तिच्यावर एकाच मापाचे टाके असतात. माझा त्यावर विश्वास बसत नाही. हाताला रोज सारखंच काम सुचत नाही.

पुढे आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे रीतीप्रमाणे वही उघडली. "आक्काचं काय आलं होतं?" आईने विचारलं. तात्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं. "इतर, एक." मग थोडी चर्चा झाली आणि गोधडीला तोडीस तोड म्हणून एक सोलापुरी चादर नेली. चादर चांगली होती, वाद नाही. आत्याने ती डोक्याला लावून घेतली. हिशेब मिटला. मला तो अजून मिटल्यासारखा वाटत नाही. तात्या जाऊन वर्षं झाली, माणूस लाखात एक होता, पण या एका बाबतीत मी त्यांना माफ केलेलं नाही.

मध्येच एक आठवलं ते सांगून टाकते. २० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. गांधीजींनाही काही द्यायचं होतं, तसं ते माउंटबॅटनना म्हणाले. पण त्यांच्याजवळ द्यायला होतं काय? त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं एक जाळीदार वस्त्र विणून घेतलं आणि पाठवलं. सुमारे अडीच हजार आहेर आले होते. ते सेंट जेम्स राजवाड्यात मांडले, त्यांची छापील यादी निघाली. मोत्यांच्या माळा, चांदीची भांडी, आणि त्यांच्यात हे. नवरीच्या आजीला, राणी मेरीला, ते गांधींचं पंचावजा वस्त्रच वाटलं आणि ती फणकारली म्हणतात. पण ते हरवलं नाही. २०१८ साली आपले पंतप्रधान लंडनला गेले तेव्हा राणी झालेल्या त्या नवरीने ते काढून दाखवलं. म्हणजे राजवाड्यातही वही असते, पण तिथल्या दिवाणजीने निदान कुणी सूत कातलं ते तरी लिहिलं होतं.

तर, आहेर. आपल्याकडे आहेरात फिरणारी सगळ्यात चिवट वस्तू म्हणजे ब्लाउजपीस. कुणी शिवत नाही, कुणी टाकत नाही. ओटीतून कपाटात, कपाटातून दुसऱ्या ओटीत. मी एकदा खात्री करून घ्यायची म्हणून एका हिरव्या पिसाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा बारीकसा टाका घातला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिला. पुढच्या का त्याच्या पुढच्या संक्रांतीला तो गावातल्या तीन आळ्या हिंडून माझ्याच ओटीत पडला, निळ्या टाक्यासकट. मी घरी येऊन आधी कात्री काढली. त्याच्या चार बटव्या केल्या, नाड्या ओवल्या, आत सुपारी आणि लवंग घालून वाटल्या. शिवलेली वस्तू पुढे सरकवता येत नाही. तिला टाका पडला की ती कुणाची तरी होते.

रुखवताबद्दल मी न बोललेलंच बरं, पण बोलते. एके काळी रुखवतात मुलीच्या हातचं दिसायचं: खोबऱ्याच्या वाटीवरचं कोरीवकाम, सुपारीचे भटजी, काड्यापेटीतल्या काड्यांचं घर, बांगड्यांचं तोरण, मण्यांचा गणपती. अर्धं वेडंवाकडं असायचं आणि वरपक्षाच्या बायका त्यावर तोंडाला पदर लावून हसायच्या. तरी ते तिचं असायचं. आता अख्खं रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. परवा एका कार्यालयात मी सप्तपदीच्या पावलांचा तोच संच पाहिला, जो गेल्या महिन्यात दुसऱ्या लग्नात पाहिला होता. तिसऱ्या पावलाची टिकली तिथेही पडलेलीच होती.

कागदाकडे मी उशिरा वळले, आणि तेही लग्नपत्रिकांमुळे. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून टाकवत नाही, जाळवत नाही; पाण्यात सोडावी तर नीरेचं पाणी आधीच पुरेसं सोसतंय. डबाभर साठल्यावर मी त्यांची पाकिटं करायला लागले. जाड पत्रिका पाण्याचा हात लावून दुमडायची, नाहीतर घडीवर तडकते. मैद्याची खळ पातळ शिजवायची आणि उतरताना कणभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळ-वाळवी लागत नाही. मुलं असतील त्या घरात मोरचूद घालू नये, ते विष आहे. गणपती बरोबर झाकणाच्या त्रिकोणावर आणायचा. असं पाकीट हातात घेतलं की मूळ नवरानवरीचं आडनाव आतल्या बाजूला अर्धवट दिसतं. एकदा तर अशा पाकिटातून आहेर दिला आणि यजमानीणबाईंनी ते उघडून ओळखलं, "अगं, ही तर आमच्या नणंदेची पत्रिका!" आहेरापेक्षा पाकिटाची चर्चा जास्त झाली.

पुण्याला शिवाजीनगरात के. बी. जोशींनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून निघालेली. तिथे सुती चिंध्यांचा लगदा करून, जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलून कागद करतात. मी तो ताव पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याला कापडासारखी लव होती. माझ्या डोक्यात भलताच विचार आला: आईचं लुगडं आणि तात्यांचं धोतर शिवायला न घेता तिथे दिलं असतं, तर त्याचीच वही झाली असती.

हे सगळं करता करता माझ्या हातून जी वस्तू सगळ्यात कामाची झाली, तिला खरं तर भेट म्हणवत नाही. माउलींची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून पाडेगावावरून आमच्या जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. तिथून पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. मुक्कामात आमच्या अंगणात परभणीकडची एक दिंडी उतरते. त्यातल्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चालतात. परवाच्या वारीत त्यांनी वृंदावन खाली ठेवलं आणि चुंबळ काढून पायरीवर आपटली. आतला पीळ पार सुटला होता, चिंध्या लोंबत होत्या. त्यांनी तसलीच पुन्हा गुंडाळायला घेतली.

मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आत जाऊन आईच्या एका इरकलीचा उरलेला पदर आणला. लांब पट्टी फाडली, दोघींनी दोन टोकं धरून पीळ भरला. त्याचं कडं केलं, वृंदावनाच्या बुडाशी लावून माप घेतलं, आणि वरून दुसरी पट्टी तिरकी गुंडाळत आणली. टोक आत खोचून दाभणाने चार टाके घातले. आमच्या गावात पोत्याची तोंडं शिवायला दाभण घरोघर असतोच. आजींनी ती डोक्यावर ठेवली, मान डावी-उजवी केली, एकदा उठून बसल्या. धन्यवाद वगैरे काही नाही. पहाटे निघताना तुळस डोक्यावर घेऊन दारातून म्हणाल्या, "बरी बसली बघ. पुढल्या साली आन् एक करून ठिव माय, माझ्या जावंला. तिची लईच झिजली."

वही काढायची कुणाला आठवण झाली नाही.

तेव्हापासून मी आजींच्या जावेच्या चुंबळीच्या मागे आहे आणि कापड मिळत नाही. इरकलीचा पदर संपला. सुनेचं कपाट उघडलं तर सगळं सिंथेटिक, ते केसांवरून सटकतं. लेगिंगचं कापड ताणलं की ताणलेलंच राहतं. नवं सुती घ्यावं तर ते खळीने कडक असतं, पीळ धरत नाही. चुंबळीला वापरून मऊ झालेलं जुनेरच लागतं, आणि नऊवारी लुगडी नेसणाऱ्या बायका आमच्या आळीत आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या काकूंकडे एक जांभळी इरकल आहे, काठापाशी विरलेली, अगदी हवी तशी. पण त्या ती अजून नेसतात. मी हल्ली त्यांच्याकडे चहाला जरा जास्तच जाते.