वाकळ आणि वाटणी

वकिलीच्या धंद्यात आम्ही आजवर पुष्कळ वाटणीपत्रे लिहिली. त्यांत तांब्याची घागर येते, समई येते, देवघरातील टाक कोणाकडे राहावेत याचेही कलम येते. वाकळ मात्र कधी आल्याचे आम्हांस आठवत नाही. बाजारात तिला मोल नाही, आणि ज्याला मोल नाही ते कायद्याच्या नजरेत सहसा भरत नाही. तरी आमच्या बेळगावकडे जिच्या फडताळात एकही वाकळ नाही अशी घरे विरळाच. देशावर तिला गोधडी म्हणतात. आमचे कानडी शेजारी कौदी म्हणतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. जुनेरे आधी स्वच्छ धुऊन वाळवावी लागतात. तळाला धड लुगडे, मध्ये विरलेली धोतरे नि पंचे, वर पुन्हा बरे लुगडे, असे थर जमिनीवर ताणून अंथरायचे आणि कोपऱ्यांवर पाट ठेवून कच्चे टाके घालायचे. मग कडेकडेने धावदोरा आत आत न्यायचा. टाके फार दाट पडले तर वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठरते. विरळ पडले तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होते. हा अंदाज हातालाच असतो. शेवटी मगजी. पांघरूण झिजते ते आधी कडेला, म्हणून मगजीला चिवट कापड हवे; आमची आई त्यासाठी इरकली लुगड्याचे काठ राखून ठेवते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियाही कडेपासून मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवतात. फुलांवाचून कौदी उघडी, असे त्या मानतात. आम्हांला हा विचार फार आवडला.

वडील २०१८ साली वारले. मागे घर आणि थोडी वडिलोपार्जित भातशेती. वर्षश्राद्ध झाल्यावर दादाने विषय काढला: अक्काचे हक्कसोडपत्र करून घ्यावे, तिला साडीचोळी करावी, म्हणजे मोकळे होऊ. दादा लोभी नव्हे. आत्यांच्या बाबतीत जे झाले तेच तो रीत म्हणून सांगत होता. आम्ही त्यास सांगितले की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी भागीदार आहे. तो म्हणाला, “कायदा मला ठाऊक आहे. पण अक्काला सासरी काय कमी आहे?”

आई ओटीवर बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून आपली नऊ लुगडी काढली आणि तिघांच्या नावाने तीन तीन वेगळी ठेवली. लग्नातल्या लुगड्यापाशी मात्र तिचा हात थांबला. ते एकच होते, कोणाच्या तरी वाट्याला जाणारच. तिने त्याचा पदर वितीने मोजला आणि कात्रीने सारखे तीन तुकडे केले, तिन्ही वाकळींच्या मध्यावर लावण्यासाठी. आम्ही न राहवून म्हटले, “अगं आई, पदर कापलास?”

“तुझ्या कागदावर काय लिहायचे ते तू बघ,” ती म्हणाली, “लुगडी माझी आहेत.”

हे विधान कायद्यानेही निर्दोष होते.

तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असली तरी सुईचे नाक तिला दिसत नाही. संध्याकाळी दादा आला तेव्हा तिने मान वर न करता सुई पुढे केली, “दोरा ओवून दे.” दादाने ओवून दिला. त्याची नजर त्या तीन तुकड्यांवर गेली. पुढे महिनाभर तो कामावरून आला की पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवी, आणि मगच चहा घेई.

आम्ही त्याला एवढेच म्हटले आहे की अक्काला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर तिने दुसऱ्या वकिलाकडून सारे समजून घ्यावे. तो दस्त आमच्या हातून लिहिला जाणार नाही.

दादाची वाकळ झाली, आमचीही झाली. अक्काच्या वाकळीची मगजी राहिली आहे. देवळाच्या सप्ताहाला ती माहेरी येईल तेव्हा स्वतःच घालणार आहे. काठाची पट्टी आईने गुंडाळून पेटीत ठेवली आहे. दादाने कागदाचा विषय अद्याप पुन्हा काढलेला नाही.