गाडीत बसेल तेवढं गाणं

सिनेमाचं मोठं गाणं रेकॉर्ड होताना एकेकाळी साठ-सत्तर वादक बसायचे. आमच्या टेम्पोत सात माणसं बसतात, तीही वाद्यं मांडीवर घेतली तर. सांगलीच्या ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायला लागल्यापासून माझं निम्मं आयुष्य या एकाच प्रश्नात गेलं आहे: त्या सत्तरांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. लोक आमच्या कामाला नक्कल म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. नक्कल करायला मुळाइतकी माणसं तरी हवीत. आमच्याकडे ती नसतात, म्हणून प्रत्येक गाणं आम्हाला नव्यानं बांधावं लागतं.

त्याचा नियम मला मास्तरांनी शिकवला. मास्तर म्हणजे आमचे रिदमवाले. ढोलकी, तुंबा, पुढे ऑक्टोपॅड, सगळं त्यांच्याकडे. ते म्हणायचे, "जो पीस लोक तोंडानं वाजवतात, तो ठेवायचा." यात सगळं आलं. गाण्याचे शब्द विसरलेला माणूससुद्धा मुखड्याआधीचा पीस अचूक गुणगुणतो. 'तीसरी मंजिल'मधल्या क्लबच्या गाण्यांत ब्रास आणि व्हायोलिनं एकमेकांना भिडतात. त्या गर्दीतला कुठला सूर माणसाच्या डोक्यात घर करून बसलाय हे ओळखलं, की तो मी उजव्या हाताला घेतो, त्याचं उत्तर सॅक्सोफोनला देतो, आणि खाली पसरलेली व्हायोलिनं कीबोर्डवाल्यानं दोन बोटांत धरली तरी चालतात. एवढा एक पीस चुकला, तर यात्रेतल्या शेवटच्या रांगेतल्या आजोबांनासुद्धा कळतं.

शिवाय मूळ गाण्यातही पुष्कळदा एका वाद्यानं दुसऱ्याचं सोंग घेतलेलं असतं. 'नागिन' (1954) मधली बीन ही बीन नव्हतीच. ती क्लाव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवली होती. तीच बीन हळदीच्या कार्यक्रमात मी ॲकॉर्डियनवर वाजवतो. एकेरी रीडचं रजिस्टर लावायचं, भाता घट्ट धरायचा आणि स्वर सरळ न लावता खालून ओढत आणल्याचा भास करायचा. पोरं जमिनीवर लोळायला लागली, की ती बीन खरीच. 'यादों की बारात'मधलं ग्लासच्या किणकिणीनं सुरू होणारं गाणं असलं, की मास्तर कार्यक्रमाआधी जवळच्या चहाच्या टपरीवर जात. चार-पाच ग्लास चमच्यानं वाजवून बघत आणि एक निवडत. तो चढा लागला तर त्यात पाणी घालत, कारण पाण्यानं ग्लासचा स्वर उतरतो. ऑक्टोपॅडमध्ये काचेचा आवाज तयार होता, पण त्यांनी तो कधी वापरला नाही.

ॲकॉर्डियनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता ते मंचावर फारसं दिसत नाही. हिंदी सिनेमात गुडी सीरवाई, आपल्या पुण्यात एनॉक डॅनियल्स, अशा मंडळींनी या परक्या पेटीला आपल्या कानांत बसवलं. तिच्या डाव्या अंगाला 120 बटणं असतात. एका बटणापुढे त्याचा पंचम, त्यापुढे त्या पंचमाचा पंचम, अशी त्यांची मांडणी आहे. त्यामुळे गाणं काळी चारमधून पांढरी चारमध्ये उतरवलं तरी डाव्या हाताची चाल तीच राहते, फक्त हात सरकतो. उजव्या हाताला मात्र सगळी बोटं नव्यानं बसवावी लागतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. पट्टी बदलली की गाण्याचा रंग बदलतो, आणि तो बदल बोटांना कळलेला बरा.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत पाणी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. 2005 मध्ये ते 53 च्या पुढे गेलं होतं, म्हणून आम्ही त्या हिशेबानं वाद्यं माळ्यावर टाकली होती. या वेळी ते 57 च्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर खोलीचं दार ढकललं, तर गाळात सगळं आडवं पडलेलं. फायबरचे तुंबे तेवढे तरंगत आढ्याला टेकले असावेत, ते शाबूत होते. ढोलकीचं कातडं फुगून उललं होतं, आणि वाळता वाळता खोडालाही चीर गेली. कीबोर्ड गेला. सॅक्सोफोन धुऊन पुसून वाजला.

ॲकॉर्डियन उन्हात ठेवता येत नाही. आतल्या रीड मेणानं बसवलेल्या असतात. मेण वितळलं, की त्या निखळतात. भाता पुठ्ठ्याचा, त्याच्या घड्या उकलल्या होत्या. मिरजेची ख्याती सतारी-तंबोऱ्यांची, पण तिथं पेटीची कामं करणारेही हात आहेत. तशा एका कारागिरानं माझं ॲकॉर्डियन पूर्ण उघडलं. पेटीच्या रीड पितळेच्या असतात, ॲकॉर्डियनच्या पोलादी, म्हणून त्यांना गंज चढतो. त्यानं एकेक पट्टी काढली, गंज खरवडला, मेण आणि राळ यांचं नवं मिश्रण ओतलं. रीड टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. असं घासत घासत त्यानं ते सुरात आणलं. वरच्या काही स्वरांत अजून हलकी थरथर आहे. ती मी काढू दिली नाही. स्लो गाण्यात ती चांगली लागते.

नवा भाता, नवी ढोलकी, हप्त्यावरचा कीबोर्ड. यात्रांचा हंगाम सुरू होत होता, सुपाऱ्या येत होत्या, आणि मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. यात्रा रद्द, लग्नं घरातल्या घरात, गणपती चार फुटांवर आले. आमच्या धंद्यात हंगाम गेला की वर्ष गेलं. सॅक्सोफोनवाल्यानं सॅक्सोफोन विकला आणि भाजीची गाडी लावली. गाणाऱ्या ताई शिवणकाम करू लागल्या. मास्तर रोज संध्याकाळी फोन करून एकेकाला विचारायचे, "आज हात फिरवला का?" दुसऱ्या लाटेत, 2021 च्या मे महिन्यात ते गेले. आम्हाला कुणालाच त्यांच्याजवळ जाता आलं नाही.

नाट्यगृहं, सभागृहं ऑक्टोबरात अर्ध्या क्षमतेनं उघडली. मग एका कुटुंबाच्या कार्यक्रमाची सुपारी आली. त्या कुटुंबातल्याच कुणीतरी अगदी आपुलकीनं सुचवलं, "ट्रॅकवर करा ना. गाणारे दोघं पुरेत." हे मला अनेकांनी सांगितलं आहे आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. ट्रॅकमध्ये सत्तरच्या सत्तर वादक असतात, तेही बिनपगारी. डॉल्बीच्या भिंती लावल्या की छातीत आवाज घुमतो. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाणारी अंतरा विसरली, तिचा श्वास पुरला नाही, समोर नवरीचा बाप रडायला लागला, तरी ट्रॅक पुढेच जातो आणि गाणारा उघडा पडतो. मास्तरांची खरी कला तिथं होती. ताईंचं तोंड पाहून त्यांना कळायचं की ओळ येणार नाही. ते ठेका न मोडता दोन मात्रा लांबवायचे, हनुवटीनं मला खूण करायचे, मी मागचा पीस पुन्हा उचलायचो, तेवढ्यात ओळ यायची. समोरच्यांना वाटायचं गाणं असंच आहे. "गाणाऱ्याला कधी एकटं पाडायचं नाही," असं ते नव्या पोरांना सांगायचे, आणि मंचावर तेच करून दाखवायचे.

त्यांच्या जागी काय ठेवायचं हा प्रश्न आम्ही त्यांनीच शिकवलेल्या रीतीनं सोडवला. त्यांचं सगळं एका माणसाला झेपणार नव्हतं, म्हणून ते वाटून घेतलं. त्यांचा पुतण्या ऑक्टोपॅडवर बसला. त्याचा हात मोकळा आहे, पण नजर अजून पॅडवरच असते. ग्लास कीबोर्डवाल्याकडे गेला. रेसो-रेसो ताईंनी घेतलं. संगीतकार पंचमदांकडे ते वाद्य अमृतराव काटकर वाजवायचे. साधी खाचांवरची खरखर, पण ती निघाली की पंचमदांचं गाणं पोकळ वाटतं. ताई गाता गाता ते वाजवतात, आणि त्यामुळे त्यांच्या गाण्याला एक नवी ओढ आली आहे. लय धरायचं काम माझ्या डाव्या हाताकडे आलं. आधी तो हात फक्त भर द्यायचा. आता थांबायचं कधी आणि सोडायचं कधी हे तो ठरवतो. त्यासाठी मला मान वर करून, ताईंच्या तोंडाकडे बघत वाजवायला शिकावं लागलं. इतकी वर्षं मी खाली पट्ट्यांकडे बघत होतो, कारण वर बघायला मास्तर होते.

'साधी माणसं'मधलं लोहाराच्या भात्याचं गाणं आमच्या यादीत पहिल्यापासून आहे. ऐरणीचा ठोका मास्तर लोखंडाच्या एका तुकड्यावर द्यायचे. तो तुकडा पुरात गेला आणि त्यांनी दुसरा शोधला होता. आता ते काम पुतण्या करतो. मास्तरांनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात ताईंचा गळा मधेच दाटून आला आणि ओळ राहिली. मी डावा हात धरून ठेवला, पुतण्यानं खाली न बघता दोन ठोके जास्तीचे दिले, सॅक्सोफोनवाल्यानं भाड्यानं आणलेल्या सॅक्सोफोनवर पीस परत घेतला. मग ताई आल्या. मांडवातल्या कुणाला काही कळलं नाही आणि टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

ताईंचा आवाज आता थोडा उतरला आहे. वयानं तसं होतंच. काळी चारची बरीच गाणी आम्ही पांढरी पाचवर आणली आहेत, दोन-तीन त्याहून खाली. पौषातल्या यात्रेची सुपारी आली आहे. गावकऱ्यांनी यादी पाठवली आहे, तिच्यात निम्मी गाणी नवी आहेत, आणि रात्री दहाला माईक बंद करायचा असल्यानं ती बेतानं लावावी लागतील. एका गाण्यात मूळचे बारा व्हायोलिनवाले आणि दोन बासऱ्या ऐकू येतात. त्यातलं लोक तोंडानं काय वाजवतात ते शोधायला पुतण्याला सांगितलंय. मंगळवारी तालमीला तो म्हणून दाखवणार आहे.