सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा

डॅलस, ८ सप्टेंबर

चि. ओंकार,


ह्यूस्टनमधली ती कॅमरी बरीच स्वस्त मिळतेय आणि टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘रीबिल्ट सॅल्व्हेज’ लिहिलंय, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पैसे देण्याआधी हे वाच.

अपघात, पूर किंवा गारपिटीनंतर दुरुस्तीचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला भरपाई मिळते, गाडीला सॅल्व्हेज टायटल लागतं आणि ती लिलावात जाते. तिथून कोणी गॅरेजवाला ती उचलून दुरुस्त करतो, मग ती ‘रीबिल्ट’ होते. मर्यादा मात्र राज्यागणिक वेगळी. फ्लोरिडात किमतीच्या ८० टक्के, टेक्सासात १००. दहा हजार डॉलरच्या गाडीला साडेआठ हजारांचं काम निघालं, तर फ्लोरिडात ती सॅल्व्हेज ठरते आणि टेक्सासात तिचं टायटल स्वच्छ राहतं.

याच फटीतून ‘टायटल वॉशिंग’ चालतं. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची, नवे कागद काढायचे, सॅल्व्हेजचा शेरा गायब.

तुझ्या कॅमरीवर तो शेरा आहेच; तो कशामुळे बसला, हे आधी शोधायचं. गारांनी पत्रा चेपलेली गाडी चांगली निघू शकते. पुरातली अजिबात नको. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन आणि आसपासच्या लाखो गाड्या बुडवल्या. अशी गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते, पण वायरींच्या जोडांत ओल राहते, हिरवट कळंक चढतो आणि काही महिन्यांनी एअरबॅगसुद्धा दगा देऊ शकते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढ. गुंडाळीतला भाग धुवायचा बहुधा राहून जातो. तिथे गाळाची रेघ सापडते. सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे का, बोटाने चाचपून बघ. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तिथूनच परत फिर.

१९९२ च्या वाहनचोरीविरोधी कायद्यातून देशभरच्या टायटलांची एनएमव्हीटीआयएस ही नोंदवही उभी राहिली. गाडीचा सतरा अक्षरी ओळखक्रमांक, म्हणजे व्हीआयएन दिला, की थोडक्या डॉलरांत तिचा इतिहास मिळतो. विमा एजंटलाही आधीच विचार; रीबिल्ट गाडीला पुष्कळ कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, आणि कर्जही सहजी मिळत नाही.

शनिवारी जाशील तेव्हा मेकॅनिक आपला ने, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. व्हीआयएन मला आजच पाठव, आणि आईला फोन कर.

तुझा,
मामा