सुपारीच्या बेटावरील एक संध्याकाळ

मलाय भाषेत सुपारीला 'पिनांग' म्हणतात. मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या ज्या बेटाला जग पेनांग म्हणून ओळखते, त्याचे मूळ नाव 'पुलाऊ पिनांग', म्हणजे सुपारीचे बेट. ही माहिती नातवाने विमानातून उतरता उतरताच दिली, तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर प्रथमच प्रवासाचे समाधान दिसले. सांगलीच्या बाजारपेठेत पन्नास वर्षे हळदीची अडत चालवलेल्या माणसाला, एका बेटाचे नाव मालावरून पडावे, ही गोष्ट आपलीशी वाटणे स्वाभाविकच होते.

नातू तीन वर्षांपासून तेथील बायान लेपास औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरीस होता. त्याला रजा मिळाली ती नेमकी आश्विनात. चातुर्मासात परदेशगमन नको, असे आक्कांचे म्हणणे होते. परंतु नातवाचे घर एकदा डोळ्यांनी पाहावे, ही ओढ शेवटी वरचढ ठरली. दशम्या, मेतकूट आणि लाडू यांनी अर्धी बॅग भरली. उरलेल्या अर्ध्या बॅगेत आप्पांनी न बोलता एक काळजी भरून घेतली होती. मुलगा तिकडे काय खातो, हे त्यांना स्वतः पाहायचे होते.

तिसऱ्या दिवशी नातवाने जॉर्ज टाऊन शहराच्या संध्याकाळच्या फेरीत तिघांची नावे नोंदवली. फेरी पाच वाजता सुरू होणार होती. शहरदर्शन आणि रस्त्यावरील खाद्यपदार्थ असे तिचे दुहेरी स्वरूप होते. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो सूर्यास्ताचा. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे ऑक्टोबरातही सूर्य सातनंतर मावळतो, हे ऐकून त्यांना हायसे वाटले. "म्हणजे दोन तास आपले," ते आक्कांना म्हणाले.

फेरीची वाटाड्या पन्नाशीची एक चिनी बाई होती. अंगावर पांढराशुभ्र सदरा आणि पांढरी विजार. तिने आठ प्रवाशांना सायकलरिक्षांत दोघादोघांनी बसवले. तेथील रिक्षेत चालक मागे बसून पायडल मारतो आणि प्रवासी पुढे बसतात. समोर कोणाचीही पाठ नाही, साऱ्या रस्त्यात आपणच प्रथम, या कल्पनेने आक्का सुरुवातीला घाबरल्या आणि नंतर लहान मुलीसारख्या हसू लागल्या.

जॉर्ज टाऊन हे व्यापारातून जन्मलेले शहर. 1786 साली फ्रान्सिस लाइट याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेतले आणि बंदर जकातमुक्त ठेवले. जकात नाही म्हटल्यावर चिनी, तमिळ, मलाय, अरब, आर्मेनियन असे सर्व देशांचे व्यापारी येथे येऊन स्थिरावले आणि येताना आपापले देव घेऊन आले. म्हणूनच कापितान केलिंग मशीद, करुणेची देवता क्वान यिन हिचे चिनी मंदिर, श्री महामारिअम्मन मंदिर आणि 1818 सालचे सेंट जॉर्ज चर्च, ही सारी एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर उभी आहेत. 2008 साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आप्पांनी चारही ठिकाणी रिक्षेतूनच हात जोडले.

लिटल इंडियात शिरताच मोगऱ्याचा आणि मसाल्यांचा वास आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने मोलुक्का बेटांवरून जायफळ आणि लवंगेची रोपे आणून पेनांगात लावली होती. जायफळ आजही येथील खास पीक आहे. वाटाड्या बाईने सर्वांना जायफळाच्या फळाचे सरबत दिले. आप्पांनी आयुष्यभर जायफळ आणि जायपत्री पाहिली होती, पण त्यांच्याभोवती जर्दाळूएवढा गर असतो आणि त्याचे सरबत होते, हे त्यांना वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी कळले. ते पेला हातात धरून बराच वेळ फळाची चौकशी करीत राहिले. पुढे एका तमिळ विक्रेत्याकडे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया मिळाल्या, वर खोवलेले नारळ आणि गूळसाखर. आक्कांनी एक घास घेऊन सांगितले, "हे तर आपल्याच घरचं आहे."

येथवर सारे सुखाने चालले होते. साडेसहाच्या सुमारास मंडळी चुलिया स्ट्रीटवर आली. हातगाड्या नुकत्याच लागत होत्या. दिवे पेटत होते, कढया तापत होत्या. नातवाने एका म्हाताऱ्या चिनी विक्रेत्यापुढे उभे राहून तांदळाच्या चपट्या नूडल्सकडे बोट दाखवले. हा पेनांगचा सर्वांत नावाजलेला पदार्थ. त्यात कोळंबी, शिंपल्यांतले मांस आणि अंडे घालतात. "यातलं काहीच न घालता, फक्त भाजी घालून दोन प्लेट करायला सांगा," नातू वाटाड्या बाईला म्हणाला.

बाईने विचारले. म्हाताऱ्याने आप्पांकडे आणि आक्कांकडे नीट पाहिले, मग मान हलवली आणि तो काही बोलला. बाईने अर्थ सांगितला : "तो म्हणतो, मांस घातले नाही तरी कढई तीच आहे आणि मी डुकराच्या चरबीतच परततो. हे लोक येथे खाणार नाहीत. पिवळ्या झेंड्याच्या गाडीवर जा."

आणि त्याने हातातल्या झाऱ्याने तीन गाड्या सोडून असलेल्या दुसऱ्या गाडीकडे बोट केले. तेथे खरोखरच लाल अक्षरांचा एक पिवळा झेंडा लावलेला होता.

आप्पा जागीच थांबले. म्हाताऱ्याच्या गाडीपुढे त्या वेळी एकही गिऱ्हाईक नव्हते. संध्याकाळची त्याची बोहनी बहुधा हीच झाली असती. दोन शब्द गिळले असते, तर कोणालाही काही कळले नसते.

झेंड्याचा उलगडा वाटाड्या बाईने चालता चालता केला. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवतांचे असतात. या दिवसांत भाविक पांढरी वस्त्रे नेसतात आणि मांस, मासे, अंडी वर्ज्य करतात. जे विक्रेते तसे अन्न शिजवतात, ते पिवळा झेंडा लावतात. "कांदा आणि लसूणही नाही," ती म्हणाली. आप्पांनी तिला ते वाक्य पुन्हा उच्चारायला लावले. आश्विन शुक्ल सप्तमीपासून श्वेतांबर बांधव नऊ दिवसांची आयंबिल ओळी करतात. त्याच महिन्यात, समुद्रापलीकडे, वेगळ्या देवांची माणसेही नऊ दिवस जिभेला आवर घालतात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. मग त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. फेरी सुरू झाल्यापासून ही बाई प्रत्येक पदार्थाचे वर्णन तोंडाला पाणी सुटेल असे करीत होती, इतरांना आग्रहाने खायला घालीत होती आणि स्वतः मात्र एकही वर्ज्य घास घेत नव्हती. आणि विचारल्यावाचून तिने ते कोणाला जाणवूही दिले नव्हते.

पिवळ्या झेंड्याच्या गाडीवर मोड आलेले कडधान्य आणि अळंबी काढून साध्या नूडल्स परतून मिळाल्या. सातला दहा कमी होते. दोघांनी बेताने खाल्ले, पाणी प्यायले आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी हात धुतले. पुढील पदार्थ इतरांचे होते. नारळाच्या दुधातला थंडगार चेंडोल आला तेव्हा बाईने आप्पांना विचारले, "अंधार पडल्यावर का नाही?" नातवाने उत्तर दिले, "अंधारात जीव दिसत नाहीत. चुकून हिंसा होऊ नये म्हणून." बाईने मान डोलावली. तिला ते समजण्यास अधिक शब्द लागले नाहीत.

फेरीचा शेवट च्यू जेटीवर होता. च्यू आडनावाच्या चिनी कुटुंबांनी समुद्रात खांब रोवून त्यांवर लाकडी घरांची ही वस्ती उभारली. फळ्यांच्या अरुंद वाटेने टोकापर्यंत गेले की समोर खाडीपलीकडे बटरवर्थचे दिवे दिसतात आणि मधून फेरीबोट संथपणे जाते. मंडळी छायाचित्रे काढण्यात गुंतली. आप्पा आणि नातू टोकाशी बसले. आक्का थोड्या अंतरावर जप करीत होत्या.

नातू आपण होऊन बोलला. "आप्पा, पहिलं वर्षभर मी कॅन्टीनमध्ये अशाच नूडल्स खात होतो. दिसायला नुसती भाजी. कढई कोणती, रस्सा कशाचा, मी कधी विचारलंच नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

आप्पा रागावतील अशी त्याची अपेक्षा होती. ज्या काळजीने अर्धी बॅग भरून आणली होती, ती आता समोर उलगडलेली होती. परंतु आप्पा पाण्याकडे पाहत राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला एकीने विचारलं होतं. आणि मी उत्तर दिलं होतं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ते तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि वडिलांच्या दुकानात बसत होते. हरिपूरच्या पेवांतून निघालेली हळद पॉलिशसाठी पिंपात फिरवताना तिला उठाव यावा म्हणून त्या लॉटला पिवळा रंग लावलेला होता. बाजारात तसे करणारे ते एकटे नव्हते. एके सकाळी गल्लीतली एक वृद्ध विधवा दुकानात आली. गावात मुनिसंघ उतरला होता. तिला आहारदानाच्या चौक्यासाठी हळकुंडे हवी होती. तिने विचारले, "महाराजांच्या आहाराला आहे रे बाबा. रंगबिंग लावलेला नाही ना?" आणि त्यांनी उत्तर दिले, "नाही, आजी." सौदा पाव किलोचा होता. ती पदराच्या गाठीतले पैसे मोजून, समाधानाने निघून गेली.

"त्या माउलीनं पहाटे उठून, सोळ्यात, ती हळद कुटली असेल," आप्पा म्हणाले. "तिचा नियम पक्का होता. फसवला तो मी. दरवर्षी क्षमावाणीला मी सगळ्या जीवांची क्षमा मागतो. सगळ्यांची मागणं सोपं असतं रे. तिची एकटीची मी कधी मागितली नाही. ती गेली, त्यालाही चाळीस वर्षं झाली."

नातू काही बोलला नाही. पाठीमागून माळेच्या मण्यांचा आवाज थांबला होता. पन्नास वर्षांच्या संसारात आक्काही ही गोष्ट प्रथमच ऐकत होत्या.

"आज त्या गाडीवाल्यानं आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीवर पाठवलं," आप्पा पुढे म्हणाले. "त्याला आपला धर्म ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही. तरी आपला नियम आज त्यानं राखला. नियम घेणारा मी, पण तो पाळला जातो तो विकणाऱ्याच्या शब्दावर. हे मला दुकानात बसून कळायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर मंडळी पुन्हा चुलिया स्ट्रीटवरून गेली. म्हाताऱ्याच्या गाडीपुढे आता रांग होती आणि कढईतून जाळ उसळत होता. आप्पांनी रस्त्याच्या या कडेवरूनच त्याला हात जोडले. त्याचे लक्ष नव्हते.

आप्पांनी नातवाकडून कोणताही नियम वदवून घेतला नाही. निघण्याच्या दिवशी एवढेच म्हणाले, "विचारत जा. उत्तर ऐकून काय करायचं ते तुझं तू ठरव." त्यानंतर नातवाचे फोन येतात, तेव्हा तो कधी कधी आपण होऊन सांगतो की आज विचारले आणि आज नुसता भात आणि फळे खाल्ली. कधी सांगत नाही. आप्पाही खोदून विचारत नाहीत.

पुढच्या फाल्गुनात हळदीचा हंगाम ऐन भरात होता. दुकान आता मुलगा पाहतो. आप्पा सकाळी दोन तास गादीवर येऊन बसतात. एक अनोळखी बाई आली आणि घरच्या वापरासाठी पाच किलो हळकुंड मागू लागली. माल चांगला होता, रंगाची प्रथा दुकानातून केव्हाच गेली होती. तिने विचारले, "यंदाचीच आहे ना?" मुलगा "हो" म्हणण्याच्या बेतात होता.

"थोडी गेल्या सालची मिसळलेली आहे," आप्पा म्हणाले. "नुसती यंदाची हवी असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात आज आली आहे. तिथं बघा."

बाई गेली. मुलाने वैतागून विचारले, "आप्पा, हातातलं गिऱ्हाईक घालवलंत?"

आप्पांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पोत्यातले एक हळकुंड उचलून मोडले, आतला रंग पाहिला आणि जुने-नवे दोन ढीग वेगळे करायला हमालाला सांगितले.