अर्धवट जळणं

आमच्या गोसीखुर्दच्या जलाशयावर ढिवर मासे धरतात ती जाळी नायलॉनची. हा धागा होतो कसा? मी साधा बी.ए. मास्तर, वाचून समजलं ते सांगतो.

सायक्लोहेक्झेन हा पेट्रोलसारखा चटकन पेटणारा द्रव. पुरता जाळला तर उरते वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, हाती काहीच नाही. म्हणून साधारण दीडशे अंशांवर, दाबाखाली त्यात हवा सोडतात आणि शंभरातले चार-सहा भागच बदलू देतात. कारण तयार झालेला माल मूळ द्रवापेक्षाही लवकर हवेला बळी पडतो. उरलेला द्रव पुन्हा फिरवायचा. हाती आलेल्यातून सायक्लोहेक्झेनोन, त्यातून कॅप्रोलॅक्टम आणि शेवटी नायलॉन.

पण त्यामुळे कारखान्यात तापलेल्या द्रवाचा प्रचंड साठा सतत फिरत राहतो. इंग्लंडात फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी तात्पुरता जोडलेला पाइप निखळला, वाफेचा ढग पेटला आणि २८ कामगार गेले.

सुताचं जाळं कुजायचं, हे कुजत नाही. तेव्हा फाटलेलं जाळं पाण्यात सोडू नका, शेकोटीतही टाकू नका, एवढंच नातवंडांना सांगतो. थोडक्यात थांबून मिळवलेली वस्तू आहे ती, आणि तिच्यापायी माणसंही गेलीत.