क्षुल्लक तंट्यांचे दफ्तर

संगणकाच्या जाळ्यावर नांदून गेलेल्या समूहांची जुनी दफ्तरे चाळावयास बसले, की ज्ञानचर्चेपेक्षा तक्रारी, फिर्यादी आणि निवाडेच अधिक हाती लागतात; परंतु तेवढ्यावरून ती मिटून ठेवणाऱ्याच्या दृष्टीतून मानवी सहवासाचा एक मोलाचा इतिहास निसटतो, असे माझे मत आहे.

1982 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर एक कोडे चर्चेस निघाले: दोर तुटून लिफ्ट कोसळू लागली, तर आतल्या जळत्या मेणबत्तीचे आणि पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? एका गृहस्थाने, अशाच प्रयोगापायी एका लिफ्टमध्ये पारा सांडल्याची सूचना थट्टेने लावली आणि मूळ चर्चा ज्यांनी वाचली नव्हती त्यांनी ती खरी मानली. समोर चेहरा नसताना थट्टा ओळखावी कशी, यावर खल झाला. आणि 19 सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस ओळीने मांडून, आडवे पाहिले असता हसणारा चेहरा सुचविला. आज जगभर उमटणाऱ्या त्या हास्याचे मूळ असे एका गैरसमजात आहे.

1979 साली ड्यूक विद्यापीठात कल्पिलेल्या आणि पुढील वर्षी सुरू झालेल्या ‘यूजनेट’ या संगणकीय चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी दाखल होत, रीतिरिवाज न जाणता अधिक-उणे बोलत, जुन्यांचा रोष पत्करीत आणि काही आठवड्यांत तिथलेच होऊन जात. 1993 पासून मात्र व्यापारी सेवांच्या ग्राहकांचा ओघ असा अखंड सुरू झाला, की शिकविणाऱ्यांना उसंत उरली नाही; जुन्यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबराला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटले. त्या उद्गारातली व्यथा नवख्यांच्या द्वेषाची नव्हती, वहिवाट सोपवून देण्यास अवधी न मिळाल्याची होती.

इंग्रजी विकिपीडियावर दह्याविषयीच्या लेखाच्या शीर्षकात ‘एच’ हे अक्षर असावे की नसावे, हा कज्जा वर्षानुवर्षे चालून 2011 मध्ये मिटला. हसू येण्याजोगीच ही गोष्ट. तथापि बांधावरून भांडणारे भाऊ ज्या अर्थाने जमीन आपली मानतात, त्याच अर्थाने हे अक्षरासाठी झुंजणारे लोक ते पान आपले मानीत होते. एकमेकांचे बदल एका दिवसात तीनहून अधिक वेळा परतवू नयेत, हा तिथला दंडक अशाच झटापटींतून आला. शुद्धलेखनाचा आग्रह धरावा की बोलीला मोकळीक द्यावी, यावरून मराठी संकेतस्थळांवर झडलेल्या वादांच्या तळाशीही हीच आपुलकी होती.

भांडणाने समूह मोडतात, हा समज म्हणूनच अपुरा आहे. भांडणातून जिथे शिरस्ता निपजतो आणि तो नवागताला कोणीतरी समजावून सांगतो, तिथे समूह टिकतो. आणि जिथे अनोळखी माणसे क्षणभर एकत्र येऊन, परस्परांना दुखवून, काहीच मागे न ठेवता पांगतात, तिथे समूह जन्मासच येत नाही. तेव्हा अशा एखाद्या समूहाचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी जुन्या तंट्यांचे दफ्तर जाळू नये, आणि नव्याने आलेल्या माणसाला हाकलण्यापूर्वी ते एकदा वाचावयास द्यावे.