शेंगांचे सूप आणि आलुबुखाराचा केक

पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आपल्याला अजिबात विजोड वाटत नाही. गोडाचा घास, त्यावर तिखट-आंबट आमटीचा भुरका... हे जमते याची आपल्या जिभेला पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे. पण जर्मनीच्या नैऋत्य टोकाला, फ्रान्सच्या सीमेला खेटून असलेल्या झारलँड या चिमुकल्या राज्यातही असाच एक जोड जेवणाच्या टेबलावर येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तेथे वाफाळत्या हिरव्या शेंगांच्या सूपबरोबर आलुबुखाराचा गोड केक खातात! एक चमचा सूप, एक घास केक. काही जण तर केकचा तुकडा सरळ सुपात बुडवतात. सुपाचे नाव ‘बिबेल्शेस बोनेझुप’ आणि केकचे ‘क्वेत्शेकूखे’. इतर भागांतले जर्मन पाहुणे हे ताट पाहून भुवया उंचावतात. झारलँडची माणसे मात्र पाहुण्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढतात.

या जोडीमागे हंगामाचे साधे गणित आहे. आपण ज्या फरसबीला श्रावणघेवडाही म्हणतो, तीच ही शेंग. झारलँडच्या परसबागांत ती जुलै ते सप्टेंबरमध्ये भरभरून येते. निळसर जांभळे, लांबट आलुबुखार ऑगस्टच्या अखेरीस पिकू लागतात. वेल आणि झाड एकाच वेळी ओसंडू लागले, की घरची बाई दुसरे काय करणार? चुलीवर शेंगा आणि भट्टीत केक!

खाणीतला नवरा, शेतातली बायको

झारलँडचे क्षेत्रफळ जेमतेम 2,570 चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे दहा लाख. झार नदीच्या काठचा हा हिरवागार डोंगराळ मुलूख. पण त्याचे नशीब ठरवले ते जमिनीखालच्या दगडी कोळशाने. एकोणिसाव्या शतकात येथे खाणी वाढल्या आणि गावोगावचे शेतकरी खाणकामगार झाले. लांबच्या गावांतून ही माणसे तासन्‌तास पायी चालत खाणीवर येत. आठवडाभर खाणीजवळच्या झोपायच्या बराकीत राहत आणि सुटीला पुन्हा चालत घरी जात. या पायपिटीमुळे त्यांना ‘कठीण पायांचे’ अशा अर्थाचे टोपणनावच पडले होते.

सरकारी खाण खात्याने कामगारांना घर बांधण्यासाठी बक्षीस रक्कम आणि कर्ज देण्याची पद्धत 1842 पासून सुरू केली. त्यातून लहान लहान घरे उभी राहिली. प्रत्येक घरामागे भाजीचा तुकडा आणि एखाद्या जनावराचा गोठा. गाय परवडत नसे, म्हणून बकरी पाळत. तिला लोक ‘खाणकामगाराची गाय’ म्हणत! नवरा जमिनीखाली आणि बायको जमिनीवर. बटाटे लावणे, शेंगा तोडणे, बकरीचे दूध काढणे, मुले सांभाळणे हे सारे तिच्याच माथी. शेंगांचे सूप हे तिच्या या परसबागेचे अपत्य. शेंगा, बटाटे, कांदे घरचे आणि दूधही घरचेच. चवीला धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचे चार तुकडे घातले, की दमून आलेल्या माणसाचे पोट भरेल असे जेवण तयार.

निशाण बदलले, सूप तेच

कोळशावर डोळा ठेवून मोठ्या सत्तांनी या मुलखाची अक्षरशः ओढाताण केली. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, तो राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली गेला आणि खाणी फ्रान्सला मिळाल्या. जानेवारी 1935 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनीकडे कौल दिला. तेव्हा जर्मनी हिटलरच्या मुठीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर झारलँड पुन्हा वेगळे झाले, फ्रान्सच्या छायेखाली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याचा स्वतंत्र संघ उतरला. 1954 च्या विश्वचषक फुटबॉलच्या पात्रता फेरीत तर झारलँड पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळले! ऑक्टोबर 1955 मध्ये पुन्हा मतदान झाले आणि 1 जानेवारी 1957 रोजी हा प्रदेश पश्चिम जर्मनीत सामील झाला.

1930 साली तेथे जन्मलेली एखादी बाई आयुष्यभर एकाच घरात राहिली असती, तरी तिच्या बटव्यात आधी फ्रँक, मग राइश्समार्क, मग पुन्हा फ्रँक, 1959 पासून डॉइश मार्क आणि 2002 मध्ये युरो आले असते. कोणत्या देशाचे म्हणवून घ्यायचे हे दर पिढीला नव्याने ठरत होते. सुपात काय घालायचे, हे मात्र ठरलेलेच होते.

आणि सीमा ओलांडली तरी ते सूप संपत नाही. शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये ‘बोनेश्लुप’ नावाने जवळपास हेच सूप राष्ट्रीय पदार्थाच्या मानाने खाल्ले जाते. नकाशावरची रेघ स्वयंपाकघराने कधी मानलीच नाही!

घरी कसे कराल?

चार माणसांसाठी अर्धा किलो कोवळी फरसबी, चारशे ग्रॅम बटाटे, एक मोठा कांदा, एक गाजर, दोन चमचे लोणी आणि अर्धी वाटी ताजे क्रीम किंवा घोटलेली साय घ्यावी. फरसबीच्या शिरा काढून अर्ध्या इंचाचे तुकडे करावेत. बटाट्याच्या लहान फोडी कराव्यात. लोण्यात कांदा मऊ होईपर्यंत परतावा. सामिष खाणारे याच वेळी धुरी दिलेल्या मांसाचे तुकडे घालतात. शाकाहारी घरात ते वगळले तरी सूप अडत नाही. मग गाजर, फरसबी घालून थोडे परतावे, एक लिटर गरम पाणी ओतावे आणि झाकण ठेवून दहा मिनिटांनी बटाटे, मीठ घालावे. आणखी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. थोड्या फोडी चमच्याने ठेचल्या की सूप आपोआप दाट होते. शेवटी मिरपूड आणि किंचित जायफळ. गॅस बंद केल्यावर क्रीम मिसळावे, म्हणजे फाटणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. फरसबी कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाऊ नये. तिच्यात फासिन नावाचे द्रव्य असते आणि त्याने पोट बिघडते, उलट्या होतात. नीट उकळून शिजवले की ते निकामी होते.

जर्मन गृहिणी या सुपात एक खास पाला घालतात. जर्मन भाषेत त्याचे नावच ‘शेंगांचा पाला’ असे आहे! त्याचा तिखटसर वास आपल्या ओव्याची आठवण करून देतो. शेंगांनी पोटात वायू धरू नये म्हणून तो घालावा, असे तिकडच्या आज्या सांगतात. आपल्या आजीनेही शेंगभाजीत ओवा नाहीतर हिंग याच कारणासाठी घातला असेल. तो पाला मिळाला नाही, तर चिमूटभर ओवा चुरडून घालावा.

केकसाठी यीस्ट घालून फुगवलेली, किंचित गोड कणीक पसरट ट्रेमध्ये थापतात. बिया काढलेले आलुबुखार अर्धे चिरून तिच्यावर दाटीवाटीने, रांगेत उभे करतात आणि भट्टीत भाजतात. वरून साखर आणि दालचिनीची पूड. आपल्याकडे हिमाचलचे आलुबुखार उन्हाळ्याच्या अखेरीस बाजारात येतात, तेव्हा हा बेत करून पाहावा.

खाणी मिटल्या, चूल राहिली

कोळशाने झारलँडला पोसले, तसे रडवलेही. 7 फेब्रुवारी 1962 रोजी लुइझेनटालच्या खाणीत स्फोट झाला आणि 299 कामगार मृत्युमुखी पडले. पुढे हा धंदाच आटत गेला. फोल्कलिंगेनचा लोखंडाचा प्रचंड कारखाना 1986 मध्ये थंडावला. 1994 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि आज तेथे प्रवासी फिरतात. फेब्रुवारी 2008 मध्ये खाणकामामुळे जमीन इतकी हादरली, की झारवेलिंगेन गावच्या चर्चचे दगड कोसळले. संतप्त लोक रस्त्यावर आले. अखेर 30 जून 2012 रोजी शेवटची खाण बंद झाली. ज्या कामाने पिढ्या घडवल्या, ते काम त्या दिवशी संपले.

आता नातवंडांना खाण पाहायची तर संग्रहालयात जावे लागते. बकऱ्याही गेल्या. पण कामगारांच्या त्या घरांमागे शेंगांचे वेल अजूनही काठ्यांवर चढतात आणि सप्टेंबरात सुपाबरोबर केकचा ट्रे भट्टीतून बाहेर निघतो. झारलँडची माणसे स्वतःबद्दल एक वाक्य अभिमानाने सांगतात : मुख्य म्हणजे, जेवण चांगले झाले! परक्याला हा खादाडपणा वाटेल. पण ज्यांचा देश, नाणे आणि रोजगार वारंवार दुसऱ्यांनी ठरवला, त्यांच्या हाती पूर्णपणे स्वतःचे असे एकच ठिकाण उरले होते, ते म्हणजे स्वयंपाकघर. ते त्यांनी कोणालाही दिले नाही.